बंद खोली आणि उघडा डोळा

अर्ज बहुतेक वेळा आखीव कागदावर, उभ्या उभ्या लिहिलेला असतो. वर ‘प्रति, मा. पोलीस निरीक्षक साहेब’, खाली डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला सही किंवा अंगठा, आणि सहीखाली नातं: मयताचा भाऊ, मयताचे वडील. मधल्या चार-पाच ओळींत मृत्यूबद्दलचा संशय मांडलेला असतो आणि शेवटी मागणी येते. मयताचं शवविच्छेदन ‘इन कॅमेरा’ करण्यात यावं, ही नम्र विनंती.

जळगाव-धुळ्याकडे हा मजकूर कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अर्ज देणाऱ्याला कळतं, घेणाऱ्या हवालदाराला कळतं, डॉक्टरांना कळतं, दुसऱ्या दिवशी बातमी लिहिणाऱ्या वार्ताहरालाही कळतं. अर्थ इतकाच की शवविच्छेदन चालू असताना त्याचं व्हिडिओ चित्रीकरण व्हावं, म्हणजे उद्या कुणी अहवाल फिरवला तर पुरावा राहील.

आता त्याच शहरातलं जिल्हा न्यायालय पाहा. तिथे एखादी मुलगी साक्ष द्यायला उभी आहे आणि खटला ‘इन कॅमेरा’ चालणार आहे. शिपाई पुकारा करतो आणि दालनाचं दार लोटून घेतो. ज्यांचा खटल्याशी संबंध नाही ते सगळे बाहेर थांबतात, वार्ताहरही थांबतो. आत जे बोललं जाईल ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय छापायचं नाही.

रुग्णालयात ‘सगळं दिसू द्या’ आणि न्यायालयात ‘कुणाला दिसू देऊ नका’. दोन्हीकडे शब्द तेच दोन. हे कसं घडलं, याचा माग कागदांवरून काढता येतो, आणि तो काढायला हवा. या दोन शब्दांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत आणि ती त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी तिथे उभी आहेत.

आधी न्यायालयाचे कागद घेऊ, कारण शब्द तिथून निघाला.

१८६९ च्या घटस्फोट कायद्याचं ५३ वं कलम सांगतं की न्यायालयाला योग्य वाटल्यास कामकाज दारं बंद करून चालवता येईल. मूळ इंग्रजीत अगदी साधे, घरगुती शब्द आहेत: बंद दारं. लॅटिन कुठे नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३५२ वं कलम याहून महत्त्वाचं, कारण जळगाव, धुळे, अमळनेरच्या फौजदारी कोर्टांचा रोजचा कारभार पाऊणशे वर्षं या संहितेवर चालला. ते आधी म्हणतं की फौजदारी न्यायालय खुलं असेल आणि जागेत मावतील तितक्या लोकांना तिथे येता येईल. मग परंतुक येतं: न्यायाधीशाला वाटलं तर तो सर्वांना किंवा एखाद्याला त्या खोलीत किंवा इमारतीत येण्यास, थांबण्यास मनाई करू शकेल. इथे ‘खोली’ आहे, पण तीही साध्या इंग्रजीतली. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात लोकांना सुनावणीतून वगळण्याची तरतूद आहे, तीही सरळ भाषेत.

तिन्ही कायदे इंग्रज सरकारच्या काळातले आहेत आणि तिन्हींत ‘इन कॅमेरा’ नाही. आपल्याकडे कायद्याचं लॅटिन सगळं इंग्रजांनी लादलं, असं आपण सहज बोलून जातो. या कागदांपुरतं ते खरं नाही.

स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेल्या दोन विवाह कायद्यांत मात्र हे शब्द आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या ३३ व्या आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमात ते स्पष्ट येतात. दोघांपैकी एका पक्षाने मागितलं किंवा न्यायालयाला योग्य वाटलं, तर कामकाज ‘इन कॅमेरा’ चालेल, अशी हिंदू विवाह कायद्यातली मूळ तरतूद होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती सक्तीची झाली. लॅटिन आपल्या कायद्यात येण्याचं कारण उघड आहे. मधल्या काळात इंग्लंडच्या न्यायालयांत हा शब्दप्रयोग रुळून पक्का झाला होता. न्यायालयाची दारं कधी बंद करावीत यावरचा तिथला सगळ्यात गाजलेला निवाडा, स्कॉट विरुद्ध स्कॉट, १९१३ चा. विवाह रद्द करण्याची सुनावणी ‘इन कॅमेरा’ झाली होती, पुढे त्या कामकाजाच्या प्रती बाहेर दिल्या गेल्या, आणि तो न्यायालयाचा अवमान ठरतो का, हा प्रश्न थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. न्याय उघड्यावर व्हावा हा नियम आणि बंद दार हा अपवाद, असं तिथे ठरलं. आपले वकील आणि न्यायाधीश हेच निवाडे वाचत होते. बंद दारांची जागा लॅटिनने घेतली ती अशी.

आपल्याकडचा यावरचा मोठा निवाडा मुंबईचा आहे आणि त्यातली बरीच नावं मराठी आहेत. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांवर अब्रुनुकसानीचा दावा चालू होता, न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यापुढे. एका साक्षीदाराने विनंती केली की आपली साक्ष छापून आली तर धंद्याला धक्का बसेल. न्यायमूर्तींनी ती छापू नये असं तोंडी सांगितलं. हुकूम कागदावर आलाच नाही. वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि ३ मार्च १९६६ रोजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निर्णय दिला: खटला खुलेपणाने चालला पाहिजे, पण न्यायासाठी आवश्यक असेल तेव्हा तो ‘इन कॅमेरा’ चालवण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयाला आहे. मिरजकर, तारकुंडे, गजेंद्रगडकर. माणसं मराठी, शहर मुंबई, आणि वादाचा अख्खा कागद इंग्रजी. मराठी वाचकापर्यंत हा शब्द पोचला तो भाषांतर न होता, जसाच्या तसा.

फौजदारी कायद्यात तो शिरला आणखी सतरा वर्षांनी, आणि त्याचीही मुळं महाराष्ट्रातच आहेत. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडून दिलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ चा ४३ वा कायदा झाला. त्याने १८९८ च्या संहितेच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२७ व्या कलमाला दुसरं पोटकलम जोडलं: बलात्काराच्या गुन्ह्यांची चौकशी आणि खटला ‘इन कॅमेरा’ चालेल. पहिल्या पोटकलमात १८९८ चीच साधी भाषा उतरून आली आहे आणि तिच्या लगेच खाली लॅटिन बसलं आहे. एकाच कलमात दोन काळांचे थर आहेत.

हे दोन शब्द पीडितेच्या रक्षणासाठी कायद्यात आले, हे इथे मनाशी पक्कं धरावं. पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

आता शब्दाकडे. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे आधी कमानदार छत, मग तसं छत असलेलं दालन, मग कुठलीही खोली. मूळ ग्रीक. ‘इन कॅमेरा’ म्हणजे खोलीत, न्यायाधीशाच्या खासगी दालनात. फोटोचा कॅमेरा त्याच शब्दाचा फार उशिरा झालेला वंशज आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. त्या खोलीला केप्लरने १६०४ साली ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, अंधारी खोली, म्हटलं. पुढे खोलीची पेटी झाली, विशेषण गळून पडलं आणि ‘कॅमेरा’ उरला. म्हणजे आपल्या हातातला कॅमेरा हीसुद्धा मुळात एक बंद खोलीच आहे, एका छिद्राची.

हाच शब्द आपल्याकडे इतर वाटांनीही येऊन बसला आहे आणि आपण ओळखत नाही. पोर्तुगीजांच्या तोंडून तो ‘कमरा’ होऊन हिंदीत गेला. हिंदीत ‘इन कॅमेरा’ला ‘बंद कमरे में’ म्हणतात, तेव्हा लॅटिन शब्दाचं भाषांतर त्याच शब्दाच्या दुसऱ्या रूपाने होतं. फ्रेंचांमार्फत इंग्रजीत जाऊन तो ‘चेंबर’ झाला. न्यायाधीशांचं चेंबर तेच आणि गल्लीत तुंबलेलं गटाराचं चेंबरही तेच. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणारे सोबती, त्यावरून ‘कॉम्रेड’. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, आणि तिने दिलेले चावी, पगार, तुरुंग हे शब्द आज कुणाला परके वाटतात? समुद्रमार्गे आलेलं लॅटिन मराठीने पूर्ण पचवलं. कोर्टाच्या कागदावरून आलेलं पचलं नाही, कारण ते कुणी चावून दिलं नाही.

रुग्णालयाच्या बाजूचे कागद याहून अलीकडचे आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग ऑक्टोबर १९९३ मध्ये स्थापन झाला. कोठडीत मृत्यू झाला तर चोवीस तासांत कळवा, असं आयोगाने त्याच डिसेंबरात बजावलं. मग १० ऑगस्ट १९९५ रोजी आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. शवविच्छेदनाचे अहवाल स्थानिक दबावाखाली बदलले जातात, असा आयोगाचा अनुभव होता. म्हणून कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूचं शवविच्छेदन व्हिडिओवर चित्रित करा आणि कॅसेट आयोगाकडे पाठवा, असं त्यात सांगितलं. पत्रातले शब्द ‘व्हिडिओ चित्रीकरण’ असे आहेत. चकमकीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात नियम घालून दिले. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावं, त्याचं चित्रीकरण करून ते जपून ठेवावं, असं तिथे म्हटलं आहे. तिथेही ‘व्हिडिओ’ आहे, ‘इन कॅमेरा’ नाही.

म्हणजे ज्या कागदांनी चित्रीकरणाची पद्धत घालून दिली, त्यांनी हा शब्द वापरलेला नाही. शब्द लोकांनी लावला. कोठडीतल्या मृत्यूपुरती असलेली सोय इतरांनाही हवीशी वाटली: विवाहितेच्या माहेरच्यांना, विहिरीत सापडलेल्या मुलाच्या बापाला, ऑपरेशननंतर दगावलेल्या बाईच्या भावाला. त्यांनी ती मागितली आणि मागताना जवळ असलेला, कायद्याचं वजन असलेला शब्द उचलला.

खानदेशात या मागणीला एक भूगोलही आहे. जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं २०१८ साली. त्याआधी न्यायवैद्यकशास्त्राचा विभाग असलेलं जवळचं सरकारी महाविद्यालय म्हणजे धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, महामार्गाने नव्वदेक किलोमीटरवर. गावात वा तालुक्यात शवविच्छेदन नको, मोठ्या ठिकाणी, तज्ज्ञांकडून आणि कॅमेऱ्यासमोर व्हावं, हा आग्रह स्थानिक दबावावरच्या अविश्वासातून येतो. १९९५ च्या पत्रात आयोगाने जे म्हटलं तेच इथला बाप आपल्या भाषेत म्हणतो. अहिराणीत तो म्हणेल, ‘पीएम कॅमेरामाच करा, साहेब.’

या ‘कॅमेरामा’कडे नीट पाहा. घरमा, वावरमा, बजारमा, तसं कॅमेरामा. अहिराणीचा ‘मा’ प्रत्यय म्हणजे मराठीतला ‘त’, आणि इंग्रजी शाळेत शिकवतात तो ‘इन’. ‘इन’ ठाऊक, ‘कॅमेरा’ ठाऊक. दोन्ही जोडले की ‘कॅमेऱ्यात’. वर्तमानपत्रांनी ‘सारा प्रकार कॅमेऱ्यात कैद’ ही शब्दयोजना घरोघरी पोचवलेलीच होती. त्यामुळे ‘इन कॅमेरा’ वाचणाऱ्याने ‘कॅमेऱ्यात टिपलेलं’ असा अर्थ घेतला तर त्याने व्याकरणाची एकही चूक केलेली नाही. त्याने लॅटिन वाक्खंड इंग्रजी म्हणून वाचला, कारण तो लॅटिन आहे हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

लॅटिनच्या मूळ अर्थाने पाहिलं तर त्या अर्जात मागण्यासारखं काही उरतच नाही. प्रत्येक शवविच्छेदन बंद खोलीतच होतं. नातेवाईक बाहेर बाकावर, आत डॉक्टर आणि मदतनीस. त्या बंद दाराचीच तर त्यांना धास्ती असते. मूळ अर्थ धरला तर बाप ज्याच्या विरोधात उभा आहे, तेच तो मागतो आहे असं होईल.

त्याच अर्जाच्या आणि अहवालाच्या आसपासचे बाकीचे शब्दही तपासून पाहावेत. ‘पोस्ट मॉर्टेम’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’, नुसतं क्रियाविशेषण. आपण त्याचं नाम केलं आणि मग ‘पीएम’ करून टाकलं. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ यातला व्हिसेरा लॅटिन अनेकवचन आहे, अंतर्गत अवयव. ‘अ‍ॅफिडेव्हिट’ हे तर क्रियापद आहे: त्याने शपथेवर सांगितलं. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, त्यातला ‘कोरम’ म्हणजे ‘ज्यांच्यापैकी’. आपण गावाहून धुळ्याला ज्या बसने येतो ती ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातलं ‘सर्व’ गळलं आणि उरला तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘बोनाफाईड’. दहावी-बारावीच्या निकालानंतर शाळा-कॉलेजच्या खिडकीसमोर रांग लागते आणि प्रत्येकाला बोनाफाईड काढायचा असतो. लॅटिनमध्ये ‘बोना फिदे’ म्हणजे सद्भावाने, खऱ्या निष्ठेने. मग त्याचा कागद कसा झाला? कागदच उत्तर देतो. दाखल्यावर छापलेलं असतं की अमुक हा या शाळेचा बोनाफाईड विद्यार्थी आहे. विद्यार्थी खरा, म्हणून विशेषण खरं. खिडकीशी उभ्या राहिलेल्या मुलांनी त्या अख्ख्या वाक्यातला सगळ्यात अनोळखी, म्हणून सगळ्यात लक्षात राहणारा शब्द उचलला आणि दाखल्यालाच तो चिकटवला. विद्यार्थ्याचा गुण कागदाचं नाव होऊन बसला. यात कुणाचंही बिघडलं नाही.

परके शब्द असे आपलेसे करणं मराठीला नवीन नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तिथे उभं राहिलं. अस्सल कागद हाती असल्याशिवाय बोलायचं नाही, हा धडा त्यांनी आपल्या इतिहासलेखनाला दिला. आणि त्या अस्सल कागदांनीच दाखवलं की मराठी दप्तराची भाषा फारसी-अरबी ठरीव शब्दप्रयोगांनी खचाखच भरलेली होती. ‘मशारनिल्हे’ हा जुन्या पत्रांतला शब्द म्हणजे ‘ज्याच्याकडे निर्देश केला तो’ अशी एक अख्खी अरबी रचना. लिहिणाऱ्या कारकुनाला तिचं व्याकरण ठाऊक असण्याची गरज नव्हती. ‘आजतागायत’ मधलं ‘ता’ फारसी आणि ‘गायत’ अरबी. आपण रोज म्हणतो ते ‘वगैरे’ म्हणजे ‘आणि त्याशिवायचे इतर’, अर्थात अरबीतलं ‘एट सेटेरा’. आज हे शब्द शुद्ध मराठी आहेत. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून दप्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालयाकडे इंग्रजी-लॅटिनच्या बाबतीत तेच काम आलं. दोन्ही वेळा काही पर्याय टिकले, काही कोशातच राहिले.

टिकलेल्यांत एक फार सुंदर आहे. ‘स्टेटस को’ला मराठी कोर्टाने ‘जैसे थे’ म्हटलं. बांधाच्या भांडणात अडकलेला शेतकरी सहज सांगतो की वावरावर जैसे थे आहे. ऐकणाऱ्याला शंका राहत नाही, कारण शब्दांतच अर्थ उघडा आहे. ‘साइनी डाय’चं ‘बेमुदत’ झालं, ‘एक्स ऑफिशिओ’चं ‘पदसिद्ध’. ‘प्रायमा फेसी’ला दिलेला ‘सकृद्दर्शनी’ लोकांच्या जिभेवर अडखळला. ‘सकृत्’ म्हणजे ‘एकदा’ हे ठाऊक नसल्याने त्याची ‘सकृतदर्शनी’ अशी मोडतोड झाली आणि शेवटी लोकांनी आपणच ‘प्रथमदर्शनी’ पुढे आणला, जो लॅटिनच्या शब्दशः जवळचा आहे. पण भाषांतर केलं म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. ‘हेबिअस कॉर्पस’चं मराठी संविधानात ‘देहोपस्थिती’ झालं. बेकायदा डांबलेल्या जिवंत माणसाला न्यायालयापुढे आणा, असा तो आदेश. लॅटिन ‘कॉर्पस’चा ‘देह’ जसाच्या तसा उतरवला आणि ऐकणाऱ्याच्या मनात जिवंत माणसाऐवजी प्रेत उभं राहिलं. हिंदीचं ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ इथे जास्त माणुसकीचं आहे.

मग ‘इन कॅमेरा’चं काय? तो बोनाफाईडसारखा सोडून द्यावा, लोक वापरतील तो अर्थ मानावा, असं म्हणता आलं असतं. शवागारापुरतं मी तसं म्हणेनही. अडचण अशी की बोनाफाईडला आज आपल्याकडे एकच अर्थ आहे, इन कॅमेराला दोन आहेत, ते परस्परविरुद्ध आहेत आणि दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात.

बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याचं २६ वं कलम म्हणतं की शक्य असेल तिथे बालकाचा जबाब दृक्‌श्राव्य साधनांनीही नोंदवून घ्यावा. त्याच कायद्याचं ३७ वं कलम म्हणतं की विशेष न्यायालय खटला ‘इन कॅमेरा’, आईवडिलांच्या किंवा बालकाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत चालवेल. पहिल्या कलमात खराखुरा कॅमेरा आहे आणि दुसऱ्यात बंद खोली. आता चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या मुलीची आई मनात धरा. तिला कुणी सांगितलं की तुमच्या मुलीची साक्ष इन कॅमेरा होणार आहे. हे शब्द तिने आजवर ऐकलेत ते शवविच्छेदनाच्या बातमीत. तिला काय वाटेल? माझ्या लेकराचं शूटिंग करणार, ते कुठे कुठे जाणार, गावात कोण कोण बघणार. जो शब्द १९८३ साली तिच्यासारखीला दिलासा द्यायला कायद्यात आला, त्यानेच ती पाऊल मागे घेऊ शकते. ज्या कोर्टाच्या पायरीशी यायलाच तिला धैर्य गोळा करावं लागलं, तिथे एका शब्दाने ते जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा पेच आणखी घट्ट झाला. तिचं १०५ वं कलम झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण सांगतं. १७६ व्या कलमानुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी पुरावा गोळा करायचा आणि त्या प्रक्रियेचं चित्रीकरण करायचं. कायद्याच्या पानापानावर आता खरा कॅमेरा आला आहे. आणि ३६६ व्या कलमात, जुन्या ३२७ च्या जागी, ‘इन कॅमेरा’ तसंच बसलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली, तेव्हाही वैवाहिक वाद आणि लैंगिक अत्याचाराचे खटले त्यातून वगळण्याची गरज मांडली गेली होती. जे इन कॅमेरा, ते कॅमेऱ्यावर नाही. मराठीत हे वाक्य समजावून सांगायला आज अर्धा तास लागतो.

जुलै १९९८ पासून मराठी ही राज्यातल्या जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांची भाषा आहे. तेव्हा शब्द बदलायला दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. समन्स बजावणारा पोलीस, मुलीच्या आईशी बोलणारी महिला हवालदार, सरकारी वकील, तालुक्याचा वार्ताहर, रुग्णालयाबाहेर नातेवाइकांना अर्ज लिहून देणारा कार्यकर्ता, एवढ्या माणसांनी ठरवलं तरी पुरे. तुम्ही यांपैकी कुणी असाल तर एवढंच करा. शवविच्छेदनाच्या अर्जात ‘व्हिडिओ चित्रीकरणासह’ लिहा. मानवी हक्क आयोगाच्या पत्रातही तेच शब्द आहेत. आणि न्यायालयाच्या बाबतीत त्या आईला सांगा: साक्षीच्या वेळी दार बंद असेल, बाहेरचं कुणी आत नसेल, तुम्ही तिच्याजवळ असाल.